आधी खालची मर्यादा ठरवा

बडोदा-अहमदाबाद एक्सप्रेसवे ९३ किलोमीटरचा आहे. सलग १०० च्या वेगाने गेलं तर ५६ मिनिटं लागतात, १२० ने साडेशेहेचाळीस, १४० ने चाळीस. म्हणजे १०० चे १२० केले की नऊ मिनिटं वाचतात, १२० चे १४० केले की आणखी साडेसहा. महामार्गावरची वेगमर्यादा वाढवावी की नाही या वादात पदरात पडणारी कमाई एवढीच आहे, आणि अहमदाबादच्या टोकाला सीटीएम चौकापाशी गाडी एकदा अडकली की तीही हातची जाते.

मर्यादा वाढवायला माझा कायमचा विरोध नाही. चांगल्या रस्त्यावर चांगली गाडी १२० ने सुरक्षित चालू शकते, हे मला मान्य आहे. पण आपल्याकडे सगळी चर्चा वरच्या आकड्याची होते: १०० की १२० की १४०. त्याच रस्त्यावर त्याच वेळी ३० ने चढणारा भरलेला ट्रेलर आणि शून्याने उभा असलेला टँकर असतो, त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: रस्त्यावरचा सर्वांत कमी वेग आधी वर आणा आणि उभी वाहनं हटवा. ते झाल्याचं आकड्यांनी दाखवता आलं की मग वरच्या आकड्याला हात लावा.

केंद्राने एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत मोटारींसाठी एक्सप्रेसवेवर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी आणि त्याहून रुंद रस्त्यांवर १००, आणि शहरात व बाकीच्या रस्त्यांवर ७० ही कमाल मर्यादा ठरवली. बसला एक्सप्रेसवेवर १०० आणि चौपदरीवर ९०. मालवाहू गाड्यांना दोन्हीकडे ८०. ही वरची कड आहे. राज्यांना याहून कमी मर्यादा ठरवता येते. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ही अधिसूचना रद्द ठरवून २०१४ च्या कमी मर्यादांकडे परत जायला सांगितलं, आणि त्याच वर्षी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी एक्सप्रेसवेवर १४० असावेत असं आपलं मत मांडलं. एकाच वर्षात दोन टोकं. दोन्हीकडे वाद मोटारींचाच. मालवाहू गाडीचे ८० तिथेच राहिले, आणि भरलेली गाडी प्रत्यक्षात त्याच्याही बरीच खाली चालते.

आता थांबण्याचं गणित. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत रस्ता आखताना किती अंतरापर्यंत पुढचं दिसलं पाहिजे ते ठरलेलं आहे: १०० च्या वेगासाठी १८० मीटर, १२० साठी २५० मीटर. यात चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत अडीच सेकंद धरलेले आहेत आणि टायरची पकडही कमीच धरलेली आहे. हाच हिशेब १४० ला लावला तर ३१८ मीटर येतात. यावर नव्या गाडीचा मालक म्हणेल, "माझ्या गाडीला एबीएस आहे, मी अडीच सेकंद झोपलेला नसतो." ठीक आहे. त्याला झुकतं माप देऊ. कोरडा रस्ता, चांगले टायर, पकड दुप्पट, आणि अडीचऐवजी दीड सेकंद. तरी १०० ने चाललेली गाडी थांबायला साधारण ९८ मीटर घेते, १२० ची १३१ आणि १४० ची १६८.

आणि मीटरपेक्षाही महत्त्वाचं असं काही या आकड्यांत दडलेलं आहे. समजा, पुढे ९८ मीटरवर एक ट्रक आडवा आहे. १०० ने येणारा बम्परला बम्पर टेकायच्या आत थांबला. त्याच जागी, त्याच क्षणी ज्याला तो ट्रक दिसला तो १२० वाला आदळताना अजून ७६ च्या वेगात असेल. १४० वाला ११२ च्या वेगात असेल. चाळीसचा फरक आदळताना एकशे बाराचा होतो, कारण वाढीव वेगाने दीड सेकंदातलं अंतर वाढतं आणि ब्रेकला विझवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. १०० च्या मानाने १२० ला ती ४४ टक्के जास्त असते, १४० ला जवळजवळ दुप्पट.

याच्या शेजारी गाडीचे पाच तारे ठेवा. गाडी आदळून बघून तिला सुरक्षेचे तारे देणारं भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं ही फार चांगली गोष्ट आहे. पण त्यातली समोरून आदळण्याची चाचणी ताशी ६४ किलोमीटरने होते. गाडीची पुढची बाजू चुरमडून आतल्या माणसाला वाचवते ती त्या हिशेबाने. ७६ ला तिचं संरक्षण अपुरं पडायला लागतं, ११२ ला तार्‍यांची गोष्ट काढण्यात अर्थ उरत नाही. आणि चाचणीतला अडथळा गाडीच्या नाकाला नीट भिडतो. ट्रकची पाठ तशी भिडत नाही.

ट्रकची पाठ एकदा जवळून बघा. फाळक्याची खालची कड जमिनीपासून साधारण मीटरभर वर असते, म्हणजे मोटारीच्या बॉनेटच्या वर आणि काचेच्या समोर. मोटार मागून घुसली की बम्पर आणि चुरमडणारा भाग ट्रकच्या खालून मोकळा निघून जातो, पहिला खरा धक्का काचेच्या खांबांना बसतो, आणि एअरबॅगच्या सेन्सरला जी टक्कर जाणवायला हवी ती उशिरा जाणवते किंवा जाणवतच नाही. हे टाळण्यासाठीच मागे आडवा दांडा सक्तीचा आहे. त्याची खालची कड जमिनीपासून ५५० मिलिमीटरपेक्षा उंच नको, आणि दाबाखाली तो वाकून चालत नाही. आपल्या रस्त्यांवर काय दिसतं? दांडा असतो, पण पातळ पाइपचा, दोन बोल्टवर लटकलेला, किंवा डाकाने जेमतेम चिकटवलेला. कुठे तो मागे घेताना फलाटाला घासून वर वळलेला असतो. टिपरला तर खाली करताना अडतो म्हणून काढूनच ठेवलेला असतो. पासिंगपुरता लावायचा, आरटीओच्या फाटकाबाहेर आलं की उतरवायचा. रेडियमच्या पट्ट्यांचंही तेच. नवी पट्टी रात्री काहीशे मीटरवरून चमकते, पण चिखलाने माखलेली किंवा ताडपत्रीखाली झाकलेली पट्टी नसल्यात जमा.

आणि रात्री हीच पट्टी एकमेव आधार असते. डिपरवर, म्हणजे दिव्याचा झोत खाली असताना, मोटारीचा उजेड साधारण ५०-६० मीटर पोचतो. १०० च्या वेगाने ६० मीटर जायला सव्वादोन सेकंदही लागत नाहीत. मानकातले अडीच सेकंद धरले तर पाय ब्रेकवर पडायच्या आत टक्कर झालेली असते. नुसत्या डिपरच्या उजेडावर भरवसा ठेवून सुरक्षित थांबायचं असेल तर वेग ५० च्या आसपास हवा, आणि तसा कोणीच चालवत नाही. म्हणजे रात्री १०० ने चालवणारा प्रत्येक जण असं गृहीत धरून चाललेला असतो की पुढे जे काही असेल ते स्वतः उजळलेलं असेल. न उजळलेला ट्रक त्या गृहीतकाचा बळी घेतो. दिवसा १००, रात्री ८० असा साधा भेद आपल्या पाट्यांवर का नसावा, याचं पटण्याजोगं कारण मला सापडत नाही.

१७ एप्रिल २०२४ ला याच बडोदा-अहमदाबाद एक्सप्रेसवेवर नडियादजवळ एक मोटार थांबलेल्या टँकरवर मागून आदळली. आतले दहाही जण गेले. त्याच वर्षी १५ जुलैच्या पहाटे आणंदजवळ टायर फुटल्यामुळे कडेला घेतलेल्या बसवर ट्रक आदळला आणि सहा जण गेले. तीन महिन्यांत, एकाच रस्त्यावर. दोन्ही ठिकाणी एक वाहन शून्यावर होतं.

वाहन बंद पडतं तेव्हा पुढे काय होतं, ते या मार्गावरून नेहमी जाणार्‍यांना ठाऊक आहे. क्लीनर खाली उतरतो, कडेचे दोन-चार दगड आणि बाभळीची एखादी फांदी तोडून ट्रकच्या मागे दहा-पंधरा पावलांवर ठेवतो. दहा-पंधरा पावलं म्हणजे फार तर दहा मीटर; १०० च्या वेगाने सेकंदाच्या एक-तृतीयांश वेळात संपणारं अंतर. लाल त्रिकोण केबिनमध्ये सीटखाली असतो, पण बॅटरी उतरलेली असल्यामुळे मागचे दिवेही बंद. काम झालं की ट्रक निघून जातो आणि दगड रस्त्यावरच राहतात. मग ते चुकवायला कोणीतरी अचानक उजवीकडे वळतं. थांबायला १८० मीटर लागतात हे एकदा लक्षात घेतलं की त्रिकोण कुठे ठेवायचा याचं उत्तर सरळ आहे: ट्रकच्या मागे किमान अडीचशे पावलं चालत जायचं, दुभाजकाच्या किंवा कडेच्या लोखंडी कठड्यापलीकडून. आणि माणसं गाडीत किंवा गाडीमागे थांबवायची नाहीत. कठडा ओलांडून बाहेर उभी करायची. आणंदजवळच्या त्या बसच्या बाबतीत प्रवासी खाली उतरून बसच्याच आसपास होते.

कायदा या दोन गुन्ह्यांना कसा तोलतो तेही बघण्यासारखं आहे. मर्यादेपेक्षा जोरात मोटार चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली हजार ते दोन हजार दंड, जड वाहनाला दोन ते चार हजार. रस्त्यात वाहन उभं करून वाहतूक अडवली तर कलम २०१ खाली पाचशेपर्यंत, आणि ओढून नेण्याचा खर्च. एक्सप्रेसवेवर बिनदिव्याचा उभा ट्रक ११० ने जाणार्‍या मोटारीपेक्षा कितीतरी जास्त धोक्याचा असूनही!

आता ट्रकवाल्यांची बाजू, कारण ती मांडल्याशिवाय हा विषय अर्धाच राहतो. उजवी लेन अडवून ५० ने चाललेला ट्रेलर बघून मोटारवाल्याचं डोकं फिरतं, आणि मग तो डावीकडून ओव्हरटेक करतो. ट्रेलर उजवीकडे का असतो? आळसाने नव्हे. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर डाव्या लेनमध्ये उलट दिशेने येणार्‍या दुचाकी आहेत, धाब्यासमोर अर्धी चाकं रस्त्यावर ठेवून लावलेल्या गाड्या आहेत, पंपातून आणि सर्व्हिस रोडवरून बेधडक आत शिरणारे छोटे हत्ती आहेत. शिवाय ओव्हरलोड गाड्यांनी त्या लेनला चाकांच्या रुंदीचे खोल चर पाडून ठेवलेत. भरलेल्या ट्रकला एकदा वेग तोडावा लागला तर परत ६० वर यायला किती गिअर, किती डिझेल आणि किती वेळ लागतो हे चालकाला पक्कं माहीत असतं. उजवी लेन सलग असते, म्हणून तो तिथे जातो. डावी लेन सलग करा, तो डावीकडे जाईल. न गेला तर मग दंड करा.

आणि तो रात्री शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर, झोपतो कारण झोपायला दुसरी जागा नाही. मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स अ‍ॅक्ट १९६१ चा; तो नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता. त्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा होती. मुंबईच्या बंदरातून निघून दिल्लीकडे जाणार्‍या चालकाने आठ तासांनी गाडी थांबवायची ठरवली, तर कुंपणाचं, दिवे असलेलं, डिझेल चोरीला जाणार नाही असं ट्रक पार्किंग त्याला किती अंतरावर मिळतं? वेगमर्यादेच्या बैठकीत हा प्रश्न पहिल्यांदा यायला हवा.

जर्मनीचं उदाहरण या वादात हमखास येतं. ऑटोबानच्या बर्‍याच भागाला सक्तीची वरची मर्यादा नाही, १३० ची शिफारस आहे, हे खरं. पण तिथे ताशी ६० पेक्षा जास्त वेग गाठू न शकणार्‍या वाहनाला प्रवेशच नाही. थांबायला बंदी आहे; पेट्रोल संपून थांबलात तरी दंड होऊ शकतो, कारण ती टाळता येण्याजोगी चूक मानली जाते. उजवीकडून, म्हणजे आपल्या हिशेबाने डावीकडून, ओव्हरटेक करायला मनाई आहे. ठरावीक वर्षांनी प्रत्येक खाजगी गाडीचीही कसून तपासणी होते. जर्मनीने खालचं टोक इतकं घट्ट धरलं म्हणून तिला वरचं टोक सैल सोडता आलं. आपल्याकडेही खालच्या मर्यादेची पाटी आहे: निळ्या गोलात पांढरा आकडा. लायसन्सच्या परीक्षेच्या पुस्तकात ती पाठ करून घेतात. रस्त्यावर ती शोधावी लागते.

मर्यादा वाढवा म्हणणार्‍यांचा एक मुद्दा मात्र मी पूर्ण मानतो. अविश्वसनीय मर्यादा कोणी पाळत नाही, आणि पाळली न जाणारी पाटी बाकीच्या पाट्यांचीही किंमत घालवते. रस्त्याचं काम निघतं तेव्हा '४०' ची पाटी लागते. काम संपतं, ठेकेदार जातो, पाटी तशीच राहते. सरळ, कोर्‍या, सहापदरी रस्त्यावर '४०'. शंभरातले शंभर जण ती ओलांडतात. पुढे खर्‍या अरुंद पुलाआधी खरी '४०' येते तेव्हा तीही तशीच ओलांडली जाते. वाहतूक अभियंते मोकळ्या रस्त्यावर १०० पैकी ८५ वाहनं ज्या वेगाच्या आत असतात तो वेग मोजून मर्यादा त्याच्या आसपास ठेवतात. रस्त्याची आखणी, वळणं आणि आजूबाजूची वस्ती बघून ती खाली आणतात. ही रीत इथे नीट लावली तर काही ठिकाणी मर्यादा वाढेलही. दिल्ली-मुंबई एक्सप्रेसवेचा बडोदा-भरूच टप्पा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. तो आठपदरी आहे, १२० च्या वेगासाठी आखलेला आहे, दुचाकी आणि ट्रॅक्टर तिथे नाहीत. तिथे १२० ला माझी हरकत नाही. पण तोच आकडा दोन्ही बाजूंना दोन-दोनच लेन असलेल्या बडोदा-अहमदाबाद मार्गावर उचलून ठेवायचा याला हरकत आहे. तिथे एका ट्रकने दुसर्‍याला ओव्हरटेक करायला घेतलं की दोन्ही लेन एक-दीड मिनिट बंद असतात आणि मागून येणार्‍याला ब्रेकशिवाय वाट नसते. १२० ची मोटार आणि उड्डाणपुलाच्या चढावर ४० वर आलेला ट्रक यांच्यातलं अंतर सेकंदाला २२ मीटरने मिटतं. १४० ला २८ मीटरने. लांबून ट्रकची फक्त पाठ दिसते. तो चाललाय की थांबलाय हे डोळ्यांना शेवटच्या शंभर-दीडशे मीटरपर्यंत कळत नाही.

दुसर्‍या बाजूने येणारा आकडाही तपासून घ्यायला हवा. केंद्राच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले, १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यातले ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू 'अतिवेग' या रकान्यात आहेत. हा आकडा दाखवून मर्यादा आणखी खाली आणा असं म्हटलं जातं. पण अपघातानंतर वेग मोजला कोणी? पंचनाम्यात अंदाज लिहिला जातो. मोटार उभ्या ट्रकवर आदळली की मोटारवाल्याचा अतिवेग लिहून मोकळं व्हायचं, ट्रकचा दांडा नव्हता आणि दिवे बंद होते हा भाग रकान्यात बसतच नाही. गाडीच्या एअरबॅग कंप्युटरमध्ये टक्करीच्या आधीच्या काही सेकंदांचा वेग पुष्कळदा साठलेला असतो. मोठ्या अपघातात तो काढून बघायची सक्ती केली तर 'अतिवेग' खरा किती आणि सोयीचा किती हे कळेल. याचा अर्थ वेगाने काही होत नाही असा घेऊ नये. स्वीडनच्या गोरान निल्सन यांनी मांडलेलं नातं जगभर वापरलं जातं: रस्त्यावरचा सरासरी वेग वाढला की प्राणघातक अपघात साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढतात. सरासरी ५ टक्क्यांनी वाढली तर मृत्यू २० टक्क्यांनी.

टायरकडे येऊ, कारण बडोदेकरांचे मे महिन्यातले प्रवास, लग्नाला नाशिक नाहीतर पुणे, ४३-४४ अंशांच्या उन्हात होतात. उन्हाळ्यात हवा तापून प्रसरण पावते म्हणून टायरमध्ये दोन-चार पौंड कमीच भरावी हा समज पंक्चरवाल्यापासून सोसायटीतल्या काकांपर्यंत सगळीकडे आहे आणि तो उलटा आहे. हवा कमी असली की टायरची कूस प्रत्येक फेर्‍याला जास्त दुमडते, दुमडण्याने तापते, आणि १२० ला ती सेकंदाला पंधरा-सतरा वेळा दुमडत असते. आतले थर सुटतात आणि टायर फुटतो. चालकाच्या दारातल्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर 'पूर्ण भार' च्या ओळीत दिलेली हवा पहाटे, टायर गार असताना भरायची. कुशीवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर एक्सप्रेसवेवर नेऊ नये. स्टेपनीचाही आकडा बघावा. ती पहिल्या दिवसापासून तशीच पडून असते.

पावसात हेच दुसर्‍या तर्‍हेने नडतं. रस्त्यावर पाणी साचलेलं असेल तर एका वेगानंतर टायर पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग हलकं होतं आणि ब्रेक निरुपयोगी. तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाशी बांधलेला आहे. ३३ पौंड हवा असेल तर साधारण ९६, २५ पौंड असेल तर ८३. म्हणजे बोर्डावर १२० लिहिलेलं असताना जुलैच्या सरीत चांगल्या टायरची गाडीसुद्धा शंभराच्या आतच ताबा सोडू शकते. एकच आकडा बाराही महिने चालणार नाही, याला याहून साधा पुरावा नको. एक्सप्रेसवेवर विजेच्या पाट्या आहेतच. त्यावर सुविचार दाखवण्यापेक्षा पावसात ८० आणि धुक्यात ५० दाखवावेत आणि कॅमेरा त्या आकड्याला जोडावा.

कॅमेर्‍याबद्दल एक गोष्ट. एका जागी वेग टिपणारा कॅमेरा लोकांना पाठ होतो. त्याआधी दोनशे मीटर ब्रेक, नंतर पुन्हा दामटणं. यात वेगांमधला फरक उलट वाढतो. आत शिरताना आणि बाहेर पडताना वाहनाची नोंद होते तिथे सरासरी वेग काढणं म्हणजे वजाबाकी आणि भागाकार. ९३ किलोमीटर ५६ मिनिटांच्या आत संपवले तर सरासरी १०० च्या वर गेली, वादाला जागा नाही.

आणि वेळ वाचवायचाच असेल तर तो कुठे जातो ते बघा. महामार्ग ४८ वर बडोद्याच्या दक्षिणेला कपुराई, तरसाली ओलांडलं की जांबुवाचा अरुंद पूल येतो, पुढे पोरजवळ बामणगामचा. रुंद रस्ता पुलापाशी आकसतो आणि मागे रांगा लागतात. भरूचपर्यंतचे सत्तर किलोमीटर ८० ऐवजी १०० ने गेलं तर दहा मिनिटं वाचतात; जांबुवाला एकदा कोंडी झाली की त्याच्या कितीतरी पट जातात. अरुंद पूल नुसता वेळ खात नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला याच महामार्गावर पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तिथेही तीन लेनच्या दोन होतात, आणि मागच्या सीटवर पट्टा लावलेला नव्हता. वेगमर्यादा वाढवण्यासाठी अधिसूचनेचा एक कागद पुरतो, पुलाला पैसे आणि वर्षं लागतात. म्हणून कागद आधी निघतो.

माझी मागणी अगदी मोजता येण्याजोगी आहे. बडोदा-अहमदाबाद मार्गावर दर वीस किलोमीटरला एक क्रेन आणि गस्तीची गाडी, आणि १०३३ या महामार्ग हेल्पलाइनवर फोन आल्यापासून उभं वाहन हटेपर्यंत किती मिनिटं गेली याची प्रत्येक घटनेची नोंद, दर महिन्याला जाहीर. टोलनाक्यावरच मागचा दांडा, मागचे दिवे आणि रेडियम तपासायचं. नसेल तर गाडी आत नाही, बाजूला दुरुस्तीची सोय. उजव्या लेनला निळ्या गोलातली ८० ची पाटी, आणि भरलेल्या ट्रकला चढावर ओव्हरटेक करायला बंदी. दोन्ही दिशांना कुंपणाचं ट्रक पार्किंग. रात्री आणि पावसात वेगळा आकडा. एक वर्ष हे चालवायचं. उभं वाहन हटवायला लागणारा वेळ पंधरा मिनिटांच्या आत आला आणि मागून आदळण्याचे अपघात निम्मे झाले, तर दिवसा, कोरड्या रस्त्यावर, मोटारींना १२० द्या. मी त्या निर्णयाच्या बाजूने लिहीन. तोवर बडोद्याच्या टोकाला दुमाड चोकडीच्या पाटीवर १०० राहू द्या.